हडफडेतला शह आणि पत्रादेवीचा चेक

२०२५ च्या नोव्हेंबरात बुद्धिबळाचा विश्वचषक गोव्यात झाला. हडफडेच्या एका रिसॉर्टमध्ये २०६ खेळाडू पटाला बसले, हरेल तो घरी अशा पद्धतीने जवळजवळ महिनाभर डाव रंगले आणि शेवटी उझबेकिस्तानच्या जावोखिर सिंदारोवने चीनच्या वेई यीला टायब्रेकमध्ये हरवून विश्वनाथन आनंद यांच्या नावाचा चषक नेला. प्याद्याची चालही ज्यांना धड ठाऊक नाही अशी माणसं त्या दिवसांत मोबाइलवर पट उघडून बसलेली दिसायची. त्यांतल्या बऱ्याच जणांना एक गोष्ट खटकली. राजाला शह बसतो, तरी खेळाडू 'चेक' म्हणत नाहीत. आपल्याकडे घरी खेळताना तर ओरडून सांगतात, आणि नाही सांगितलं तर त्यावरून वाद होतो.

त्याचं उत्तर सोपं आहे. शह तोंडाने सांगायलाच हवा असं स्पर्धेचे नियम म्हणत नाहीत. समोरच्याला दिसलं तर दिसलं, नाही दिसलं तर पंच बघतील. पण या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न आहे आणि तो जास्त मजेचा आहे. बुद्धिबळातला 'चेक' आणि आपण दिवसभर जे म्हणत असतो ते 'जरा चेक कर' यांचं नातं काय? गॅस चेक कर, टायरमधली हवा चेक कर, बँकेत पैसे आले का चेक कर. यात कुठे आला राजा आणि कुठे आला पट?

इंग्रजी बातम्या मराठीत आणण्याचं काम जे करतात त्यांना हा शब्द रोज छळतो. सरकार अमुक नदीतला बेकायदा रेती उपसा 'चेक' करणार, असा इंग्रजी मथळा येतो. टेबलावर नवा आलेला मुलगा लिहितो, 'बेकायदा रेती उपशाची तपासणी होणार'. वाचणाऱ्याला वाटतं, आता अधिकारी होडीजवळ येणार, रेती मोजणार, शिक्का मारून जाणार. मूळ बातमीत तसं काहीच नसतं. उपसा थांबवणार, त्याला आळा घालणार, एवढंच तिथे म्हटलेलं असतं. मुलाचा दोष नाही. शाळेत त्याला 'चेक म्हणजे तपासणे' हा एकच अर्थ शिकवलेला असतो. तो अर्थ खरा आहे, पण वयाने बराच लहान आहे. या शब्दाचा थोरला अर्थ 'अडवणे' आहे, आणि त्याच्याही आधी तो शब्द क्रियापद नव्हताच. तो एक माणूस होता. राजा.

चतुरंगापासून शाहापर्यंत

खेळ आपल्याकडचा. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ ही सैन्याची चार अंगं, म्हणून चतुरंग. आठ बाय आठ घरांच्या पटाला अष्टापद म्हणत. सातव्या शतकात बाणभट्टाने 'हर्षचरिता'त हर्षाच्या राज्याचं कौतुक करताना लिहिलं की चतुरंगाची मांडणी आता फक्त अष्टापदावरच उरली आहे. म्हणजे खऱ्या सैन्याला कामच नाही, इतकी शांतता. (संस्कृतात त्या शब्दांचा हातपाय तोडण्याची शिक्षा असाही अर्थ निघतो, आणि तीही आता कुणाला होत नाही असं बाणाला सुचवायचं आहे. कोटी जरा क्रूर आहे, पण बाणच तो.)

हा खेळ इराणात गेला तेव्हा चतुरंगचा 'चत्रंग' झाला. सातव्या शतकात अरबांनी इराण जिंकलं आणि खेळही उचलला. अरबीत 'च' नाही आणि 'ग'ही नाही, तेव्हा 'चत्रंग'चा 'शत्रंज' झाला. इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं. आपल्या शब्दाची गोष्ट मात्र खेळाच्या नावातून निघत नाही, पटावरच्या एका सोंगटीच्या नावातून निघते.

फारसीत राजाला शाह म्हणतात. हा शब्द फार जुना. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या अखेरीस दारयवहु राजाने बेहिस्तूनच्या कड्यावर जो लेख कोरवला, त्यात तो स्वतःला 'ख्शायथिय' म्हणवतो. तोच शब्द झिजून पुढे 'शाह' झाला. मूळ धातूचा अर्थ सत्ता चालवणं, आणि आपल्या 'क्षत्र', 'क्षत्रिय' या शब्दांशी त्याचं रक्ताचं नातं आहे.

खेळताना समोरच्याच्या राजाला धोका झाला की इराणी खेळाडू त्याला बजावायचा, 'शाह!' म्हणजे बाबा रे, तुझा राजा बघ. चुकून राजाच मारला गेला तर डावातली गंमत संपते, म्हणून ही सूचना. तेव्हा या शब्दाच्या अंगाला पहिला अर्थ चिकटला तो हा: आता तुझ्या मनासारखी चाल तुला करता येणार नाही, आधी हे निस्तर. पुढच्या सगळ्या अर्थांची गुरुकिल्ली इथेच आहे. शह बसला की राजा मेलेला नसतो, डाव हरलेला नसतो. फक्त वाट अडलेली असते.

आणि ज्या शहातून सुटकाच नाही तो 'शाह मात'. इंग्रजीतला चेकमेट तो हाच. मैत्रीच्या 'मेट'शी त्याचा काही संबंध नाही.

मात म्हणजे 'मेला' ना?

असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं सापडतं. अरबीत 'मात' म्हणजे 'तो मेला', म्हणून शाह मात म्हणजे राजा मेला. ऐकायला ठसठशीत आहे, पण खेळाशी जुळत नाही, कारण बुद्धिबळात राजाला कुणी मारतच नाही. त्याला पटावरून उचलतही नाहीत. फारसीत 'मात' म्हणजे अडकून पडलेला, हतबल झालेला, काय करावं ते सुचेनासा झालेला. शब्दाचा तपास करणारे अभ्यासक या अर्थाकडेच जास्त झुकतात, आणि मराठी माणसाला तो पटायला अडचण नसावी. 'संकटांवर मात केली' असं आपण म्हणतो तेव्हा संकटांना ठार मारलेलं नसतं, त्यांना निष्प्रभ केलेलं असतं.

शाहचा 'चेक' कसा झाला

अरबांच्या मागोमाग शत्रंज स्पेनमध्ये आणि इटलीकडे गेला, साधारण दहाव्या शतकाच्या आसपास. तिथल्या लॅटिन लिहिणाऱ्या पाद्री-कारकुनांना 'शाह' हा उच्चार कागदावर आणायचा होता. 'श' त्यांच्या लिपीत धड नाही, शेवटचा 'ह' त्यांच्या कानाला पकडता येत नाही. त्यांनी लिहिलं 'स्काकुस'. गोव्यातल्या वाचकाला याचं नवल वाटू नये. पोर्तुगीज नोंदवहीत शेणवीचा 'सिनाय' झाला, कामतींचा 'कामोतीं' झाला, प्रभूंचा 'पोरोब' झाला, आणि पुढच्या पिढ्या त्याच नावांवर शाळेत गेल्या. लिहिणाऱ्याला जे ऐकू आलं आणि त्याच्या लिपीत जे बसलं, ते नाव कायम झालं. शाहचंही तसंच.

फ्रेंचांच्या तोंडात पुढची पायरी झाली. शब्दाच्या सुरुवातीला 'स' आणि त्याला जोडून दुसरं व्यंजन आलं की जुन्या फ्रेंच माणसाची जीभ अडखळायची, म्हणून तो आधी 'ए' लावायचा. पोर्तुगीजांनाही हीच खोड. इंग्रजीत स्कूल, पोर्तुगीजमध्ये 'इश्कोला', आणि म्हणून आपल्या कोंकणीत इस्कोल. तसा 'स्काक'चा 'एशेक' झाला. नॉर्मन फ्रेंच बोलणारे राज्यकर्ते इंग्लंडात होते, त्यांच्याबरोबर शब्द तिकडे गेला आणि इंग्रजांनी पुढचा 'एस' कापून टाकला. 'एस्पेशल'चा 'स्पेशल' केला तसाच. उरला तो 'चेक'. १४व्या शतकात तो इंग्रजीत बुद्धिबळाच्या अर्थाने पक्का बसलेला दिसतो.

जाता जाता आणखी एक. त्या 'एशेक'चं अनेकवचन 'एशेस', आणि त्यातून आलं खेळाचं इंग्रजी नाव 'चेस'. म्हणजे चेस हे चेकचंच अनेकवचन. शब्दशः सांगायचं तर 'बरेच राजे'.

गोव्यात हा शब्द तीन वाटांनी आला

पणजीत मांडवीच्या काठावर जुन्या सचिवालयाची इमारत आहे. आजही लोक तिला आदिलशहाचा वाडा म्हणतात. अफोंसो द आल्बुकेर्कने १५१० मध्ये गोवा घेतला तो विजापूरच्या आदिलशाहीकडून. त्या राजघराण्याच्या नावातला 'शाह' आणि तुमच्या मोबाइलवर 'चेक' म्हणून चमकणारा शब्द एकच आहेत.

बहमनी आणि आदिलशाही काळात दरबाराची भाषा फारसी, त्यामुळे मराठीत वजीर आला, प्यादं आलं, शह आला, मात आली. ही पहिली वाट आणि सगळ्यांत जवळची. आपण तर शहापुढे 'काट' लावून काटशह असा घरचा शब्दही घडवला. शहाला दिलेला उलटा शह. राजकारणाची बातमी या शब्दावाचून मराठीत लिहिता येत नाही म्हटलं तरी चालेल.

दुसरी वाट पोर्तुगीजांची. इथे गंमत वेगळी आहे. युरोपात बहुतेकांनी खेळाला राजाचं नाव दिलं, पण स्पेन-पोर्तुगालकडच्यांनी अरबांकडून अख्खा 'शत्रंज' उचलला. त्याचा पोर्तुगीजमध्ये झाला 'शद्रेश', लिहिताना एक्सने सुरू होणारा. रोमी कोंकणी वाचणाऱ्याला एक्स म्हणजे श हे सांगायला नको. म्हणजे चतुरंग नावाचा आपला शब्द इराण, बगदाद, स्पेन, लिस्बन असा फिरून जहाजातून पुन्हा याच किनाऱ्यावर उतरला, आणि उतरताना ओळखू न येण्याइतका बदललेला होता. पोर्तुगीजमध्ये चौकडीच्या कापडालाही शद्रेश म्हणतात आणि बोलीभाषेत तुरुंगालाही. गजांच्या चौकटींमुळे असावं. राजाला दिलेल्या शहाला ते 'शेक' म्हणतात, आणि एखादी गोष्ट 'शेकमध्ये ठेवणे' म्हणजे ती धोक्यात आणणे, तिच्यावर प्रश्नचिन्ह लावणे.

तिसरी वाट इंग्रजीची. ती आपल्याला सगळ्यांत शेवटी लाभली आणि आज सगळ्यांत जास्त वापरात आहे. एकाच मातीत शह, शेक आणि चेक असे तिन्ही शब्द नांदले, असा भूभाग जगात फार असेल असं मला वाटत नाही.

अडवण्यातून तपासणं कसं निघालं?

हा खरा गुंता, म्हणून इथे जरा थांबू.

इंग्रजीत आल्यावर शब्द पटावर राहिला नाही. शह बसला की खेळ थबकतो, म्हणून कुठलीही गोष्ट एकदम थांबवणं म्हणजे 'चेक' करणं झालं. घोडा लगाम खेचून थांबवला, चेक केला. राग आवरला, चेक केला. शत्रूची आगेकूच रोखली, चेक केली. यात कुठेही तपासणी नाही. राज्यघटनेच्या चर्चेत 'चेक्स अँड बॅलन्सेस' येतं, त्यातला चेक हाच जुना. सरकारच्या एका अंगाने दुसऱ्याला लगाम घालायचा. आपल्या डोंगरी ओढ्यांवर 'चेक डॅम' बांधतात, तिथेही कुणी पाण्याची चाचणी घेत नाही. वाहणारं पाणी अडवून त्याचा वेग मोडायचा, एवढंच काम. मराठीत त्याला बंधारा म्हणतो आणि मोकळे होतो, म्हणून इंग्रजी नावातला अर्थ आपल्या लक्षातच येत नाही.

आता पुढची पायरी. माणसांना गैरवागण्यापासून अडवायचं असेल तर काय करतात? नोंद ठेवतात. इंग्लंडच्या आरमारी गोद्यांमध्ये 'क्लार्क ऑफ द चेक' नावाचा अधिकारी असे. मजुरांची हजेरी त्याच्याकडे. कोण आला, कोण आला नाही, कुणाला किती मजुरी, हे तो वहीतून ताडून बघणार. त्याचं खरं काम अडवण्याचंच होतं: न आलेल्याच्या नावाने पैसे उचलणाऱ्याला अडवायचं. पण अडवायचं कसं, तर वहीशी माणूस ताडून. हळूहळू जोर हेतूवरून कृतीवर सरकला. अडवणं मागे पडलं आणि ताडून बघणं पुढे आलं. १७व्या शतकाच्या अखेरीपासून 'एका गोष्टीशी दुसरी ताडून खरी-खोटी ठरवणं' हा अर्थ इंग्रजीत रुळलेला दिसतो. आपण मराठीत बिनदिक्कत घेतला तो हाच.

दोन्ही अर्थ एकाच जागी उभे बघायचे असतील तर पत्रादेवीला किंवा पोळेला, राज्याच्या सीमेवर जावं. २०१८ च्या जुलैत मासळी टिकावी म्हणून तिला फॉर्मेलीन हे विषारी रसायन लावलेलं असल्याचं प्रकरण गोव्यात पेटलं. बाहेरून येणाऱ्या मासळीवर सरकारने काही दिवस बंदी घातली आणि पुढेही सीमेवर मासळीच्या गाड्यांवर नजर राहिली. नाक्यावर आडवा दांडा पडतो, ट्रक थांबतो, थर्माकोलची पेटी उघडली जाते, बर्फाखालचा बांगडा बाहेर काढून बघितला जातो. यातला दांडा म्हणजे चेकचा जुना अर्थ आणि बांगडा उलटून बघणं म्हणजे नवा. गाडी अडवल्याशिवाय पेटी उघडता येत नाही. 'चेकपोस्ट' हा शब्द बनवणाऱ्याच्या मनात यातला कोणता अर्थ होता हे विचारण्यात अर्थ नाही, कारण तिथे दोन्ही क्रिया एका दमात होतात. दुचाकीवरून येणारा समोरच्याला हेडलाइट मारून 'फुडें चेकिंग आसा' म्हणतो, तेव्हा त्यालाही दोन्ही अभिप्रेत असतं: थांबवतील, आणि मग हेल्मेट-कागद बघतील.

चौकटीचं टेबल आणि सरकारी तिजोरी

गोव्यातल्या इंग्रजी वर्तमानपत्रांत एक ठरलेलं वाक्य असतं. अमुक घोटाळ्यामुळे राज्याच्या 'एक्स्चेकर'ला इतक्या कोटींचा फटका. एक्स्चेकर म्हणजे सरकारी तिजोरी. हा शब्दही त्याच राजाच्या घरातला.

लॅटिनमध्ये शाहचा 'स्काकुस' झाला हे वर आलंच आहे. त्यावरून बुद्धिबळाचा पट तो 'स्काकारियुम'. इंग्लंडात पहिल्या हेन्री राजाच्या वेळी, म्हणजे १११० च्या सुमारास, राजाचा वसूल मोजण्यासाठी एक मोठं टेबल असे, दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद. त्यावर काळं कापड अंथरलेलं आणि कापडावर रेघांनी आखलेले रकाने. कागदावर बेरीज-वजाबाकी करायला सोपे असे आपले अंक तिकडे अजून रुळलेले नव्हते, रोमन आकड्यांत हिशेब करणं म्हणजे डोकेफोड. म्हणून रकान्यांत सोंगट्यांसारखी गोल नाणी मांडून हिशेब करायचे. या रकान्यात पौंड, त्या रकान्यात शिलिंग, पलीकडे पेन्स. जिल्ह्याचा अधिकारी एका बाजूला बसे, खजिन्याची माणसं समोरच्या बाजूला. लांबून बघणाऱ्याला दोघं डावच खेळताहेत असं वाटावं. टेबलाला पटाचं नाव पडलं, टेबलावरून कचेरीला, कचेरीवरून तिजोरीला. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याचं अधिकृत पद आजही 'चॅन्सेलर ऑफ द एक्स्चेकर' आहे, म्हणजे अक्षरशः पटाचे चॅन्सेलर.

पैसे भरल्याची पावती म्हणून तिथे लाकडाची पट्टी देत. पट्टीवर रकमेच्या खाचा पाडायच्या, मग ती उभी चिरायची, अर्धी भरणाऱ्याला आणि अर्धी कचेरीत. वाद झाला तर दोन्ही तुकडे जोडून बघायचे, खाचा जुळल्या तर हिशेब खरा. या पट्ट्यांचा साठा पुढे निरुपयोगी झाला तेव्हा १८३४ च्या ऑक्टोबरात तो भट्टीत घालून जाळायला घेतला, आणि त्या आगीत लंडनचं संसद भवनच जळून गेलं. कुणीतरी भट्टी चेक करायला हवी होती. दोन्ही अर्थांनी.

चौकडीच्या शर्टाला आपण 'चेक्सचा शर्ट' म्हणतो, तोही या पटाच्या चौकटींवरूनच आला. त्यावर अधिक बोलण्यासारखं काही नाही.

बँकेचा चेक मात्र वेगळा, नाही का?

स्पेलिंग वेगळं आहे म्हणून बहुतेकांना तसं वाटतं. शब्द तोच आहे.

चेकबुकातून चेक फाडल्यावर डावीकडे जो पातळ तुकडा वहीला राहतो, जिथे आपण तारीख आणि रक्कम टिपून ठेवतो (किंवा ठेवायला हवी), त्याला इंग्रजीत १८व्या शतकाच्या सुरुवातीला 'चेक' म्हणत. कारण उघड आहे. बाहेर गेलेल्या कागदावर कुणी रक्कम फिरवली तर हा तुकडा त्याला अडवतो, ताडून बघायला कामी येतो. अडवणं आणि ताडणं पुन्हा एकत्र. कालांतराने नाव तुकड्यावरून सरकून फाडून द्यायच्या कागदाला लागलं. अमेरिकेत अजूनही दोन्हीचं स्पेलिंग एकच आहे. इंग्रजांनी मात्र एक्स्चेकरच्या धर्तीवर शेवटी 'क्यू-यू-ई' लावलं आणि तेच आपल्या कायद्यात आलं. चेक न वटल्याबद्दल ज्या कलमाखाली नोटीस येते ते १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्टचं कलम १३८. त्यातलं स्पेलिंग इंग्रजांचं, मूळ राजा इराणी.

हॉटेलातलं चेक-इन, चेक-आउट याच नोंदवहीच्या अर्थाचं अमेरिकन पिल्लू आहे, बरंच अलीकडचं. वहीत नाव चढवलं ते इन, उतरवलं ते आउट.

नुसता आवाज जुळला म्हणून नातं मानायचं का?

ही शंका रास्त आहे, आणि ती ज्यांना येते त्यांचं मला कौतुक वाटतं. भाषेच्या गप्पांत आवाज जुळवून नाती लावायचा रोग आपल्याकडे फार आहे. उद्या कुणी म्हणेल, शहामृग म्हणजे मृगांचा शाह. ऐकायला छान, पण साफ खोटं. फारसीत त्या पक्ष्याला 'शुतुरमुर्ग' म्हणतात. शुतुर म्हणजे उंट, आपल्या 'उष्ट्र'चा भाऊबंद, आणि मुर्ग म्हणजे पक्षी. उंटपक्षी. मराठीत येताना शुतुरचा 'शहा' झाला आणि पक्ष्याचा मृग. राजाही नाही, हरीणही नाही. तसंच चेक प्रजासत्ताक. त्या देशाच्या नावाचा आणि आपल्या शब्दाचा काडीचा संबंध नाही.

मग शाह आणि चेक यांचं नातं का मानायचं? कारण इथे आवाज सोडूनही पुरावा आहे. मधली प्रत्येक पायरी लिखाणात सापडते: फारसी शाह, लॅटिन स्काकुस, जुनं फ्रेंच एशेक, इंग्रजी चेक. प्रत्येक पायरीवर शब्दाचा अर्थ तोच आहे, त्याच खेळातला, त्याच सोंगटीचा. आणि खेळ ज्या वाटेने गेला त्याच वाटेने शब्द गेलेला दिसतो. सोंगट्याही त्या वाटेवर सापडतात. समरकंदला लागून असलेल्या अफ्रासियाब इथे हस्तिदंती सोंगट्या मिळाल्या, बुद्धिबळाच्या ज्ञात सोंगट्यांपैकी त्या सर्वांत जुन्यांत धरल्या जातात. समरकंद आज उझबेकिस्तानात आहे. हडफडेहून चषक घेऊन गेलेला सिंदारोव त्याच देशाचा, हा योगायोग. पुरावा म्हणून मी तो वापरत नाही, पण सांगायचा मोह आवरला नाही.

मग मथळा वाचायचा कसा?

क्रियापदाच्या पुढे काय आलंय ते बघायचं. नकोशी गोष्ट असेल, म्हणजे महागाई, धूप, भ्रष्टाचार, रेती उपसा, कचरा टाकणं, तर तिथे चेक म्हणजे आळा घालणे, रोखणे, अडवणे. कागद, वस्तू, आकडा किंवा यंत्र असेल तर तपासणे, पडताळणे, खातरजमा करणे. पोलीस 'ड्रंकन ड्रायव्हिंग चेक करणार' म्हणजे दारू पिऊन गाडी हाकणं थांबवणार. पोलीस 'लायसन्स चेक करणार' म्हणजे परवाना बघणार. पुढे माणूस आला तर मात्र जपून. प्रवाशांना चेक केलं म्हणजे झडती घेतली. पण प्रतिस्पर्धी उमेदवाराला चेक केलं तर त्याचे खिसे कुणी उलटे केलेले नाहीत, त्याची घोडदौड रोखली आहे.

मराठीत बोलताना 'चेक कर' म्हणायचं की नाही, यावर भांडणारेही भेटतात. मला त्यात दम वाटत नाही. कदंबच्या बसमध्ये चेकर चढला की सगळे तिकीट शोधायला लागतात, 'तपासनीस आला' असं म्हटलं तर निम्म्यांना कळायला एक थांबा जाईल. बोलण्यात चेक राहू दे. लिहिताना मात्र तपासणे, पडताळणे, चाचपणे, जुळवून बघणे, झडती घेणे, आळा घालणे हे सगळे वेगवेगळ्या कामाचे शब्द हाताशी असताना एकाच 'चेक'ने सगळं उरकणं हा आळस आहे, आणि त्या आळसातूनच रेती उपशाची 'तपासणी' होते.

त्या उमेदवाराच्या मथळ्यासाठी तर वेगळा शब्द शोधायचीही गरज नाही. अमक्या पक्षाने तमक्याला 'चेक' करायला नवा चेहरा दिला, अशी इंग्रजी बातमी आली की जुने उपसंपादक डोळे मिटून लिहितात, 'तमक्याला शह देण्यासाठी नवा चेहरा'. अर्थाला धक्का नाही, आणि शब्दसुद्धा तोच.